फिलिपिन्सचा राष्ट्रीय गरुड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिलिपिन्सच्या गरुडाचा विषय निघाला की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरं चार ओळींत संपतात, काही बरीच लांबली आहेत. बंदूक, फासे आणि पिंजऱ्यातल्या पैदाशीबद्दलचे प्रश्न वेळ काढून वाचावेत, कारण या पक्ष्याचं जगणं-मरणं तिथेच ठरतं आहे.

हा नेमका कोणता गरुड?

जगातल्या सर्वांत मोठ्या गरुडांपैकी हा एक. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण एक मीटर लांबी, पंखांचा पसारा दोन मीटरच्या आसपास आणि वजन साडेचार ते आठ किलो. मादी नरापेक्षा मोठी असते. पाठ तपकिरी, पोट पांढरं, डोळे निळसर करडे. डोक्यावर लांब, टोकदार पिसांचा तुरा असतो आणि पक्षी सावध झाला की तो आयाळीसारखा उभा राहतो.

फिलिपिन्समध्ये सात हजारांहून जास्त बेटं आहेत, पण हा गरुड सापडतो तो फक्त चार बेटांवर: लुझॉन, समार, लेते आणि मिंडानाओ. जगात दुसरीकडे कुठेही नाही. शास्त्रीय नाव पिथेकोफागा जेफरी. इंग्रज संग्राहक जॉन व्हाइटहेड याला १८९६ मध्ये समार बेटावर या पक्ष्याचा नमुना मिळाला, आणि त्याचे वडील जेफरी यांचं नाव शास्त्रीय नावात आलं.

तो खरंच माकडं खातो का?

खातो, पण तेवढ्यावर जगत नाही. बराच काळ त्याला ‘माकडखाऊ गरुड’ म्हटलं जात असे. १९७८ मध्ये सरकारने अधिकृतपणे ‘फिलिपाइन ईगल’ हे नाव दिलं. मिंडानाओत त्याचं मुख्य खाद्य आहे कोलुगो, म्हणजे अंगाच्या पातळ पडद्याच्या आधाराने एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाणारा निशाचर प्राणी. त्याखेरीज उदमांजरं, मोठे उंदीर, साप, घोरपडी, धनेश आणि अर्थातच माकडं. माकडांच्या कळपावर कधी कधी नर-मादी मिळून हल्ला करतात: एक समोर येऊन कळपाचं लक्ष वेधतो, दुसरा मागून झडप घालतो.

जंगलाच्या कडेला असलेल्या शेतघरातली कोंबडी किंवा बकरीचं पिल्लूही तो क्वचित उचलतो. नुकतेच आईबापांपासून वेगळे झालेले, शिकारीत कच्चे असलेले गरुड हे जास्त करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

किती गरुड उरले आहेत?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहावरून टिपलेलं जंगल आणि गरुडांच्या वावराची माहिती एकत्र करून अंदाज मांडला गेला: चारही बेटांवर मिळून वीण करू शकणाऱ्या सुमारे ३९२ जोड्या. यातला सर्वांत मोठा वाटा मिंडानाओचा. आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. त्यापुढची पायरी निसर्गातून नाहीसं होण्याची.

हा आकडा आधीच्या काही अंदाजांपेक्षा मोठा आहे, म्हणून गरुड वाढले असं काहींनी लिहिलं. तसा अर्थ काढता येत नाही. मोजण्याची पद्धत सुधारली, एवढंच त्यातून कळतं. शिवाय हा अंदाज जंगलात किती जोड्या मावतील यावर उभा आहे. जंगल आहे पण तिथला गरुड कोणी मारला आहे, हे उपग्रहाला दिसत नाही.

संख्या वाढायला इतका वेळ का लागतो?

या पक्ष्याची वीणच अतिशय संथ आहे. एक जोडी साधारण दोन वर्षांतून एकदा घरटं करते आणि त्यात एकच अंडं घालते. नर-मादी दोघं मिळून ते सुमारे दोन महिने उबवतात. पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की घरट्याबाहेर पडतं, पण त्यानंतरही जवळपास वर्षभर ते आईबापांच्याच आधाराने राहतं. मादी वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास वयात येते, नर सातव्या वर्षाच्या.

आता हिशेब करा. वीस वर्षं एकत्र राहिलेल्या जोडीला सगळं सुरळीत झालं तर फार तर दहा पिल्लं होतील. त्यातली काही घरट्यातच जातील, काही शिकार शिकताना, काही स्वतःचा मुलूख शोधताना. म्हणजे एक जोडी आयुष्यभरात आपली जागा घेणारे दोन गरुड मागे ठेवू शकली तरी पुष्कळ. या पक्ष्याचं आयुष्य मोठं आहे. रोमच्या प्राणिसंग्रहालयात एक गरुड ४१ वर्षं जगला. निसर्गाने त्याला थोडी पिल्लं दिली ती या दीर्घ आयुष्याच्या भरवशावर. त्यामुळे एक प्रौढ गरुड गोळीला बळी पडला की त्याची भरपाई व्हायला कित्येक वर्षं जातात. चिमणी किंवा घारीच्या बाबतीत जे नुकसान एका हंगामात भरून निघतं, ते इथे निघत नाही.

आणि प्रत्येक जोडीला जागा केवढी लागते? सुमारे चार हजार ते अकरा हजार हेक्टर.

मग जंगल गेलं कुठे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपिन्सचा सुमारे सत्तर टक्के भाग जंगलाखाली होता. आज तो चतुर्थांशाच्याही खाली आहे. साठ-सत्तरच्या दशकांत हा देश उष्णकटिबंधीय लाकडाच्या मोठ्या निर्यातदारांपैकी होता. लावान जातीची प्रचंड झाडं तोडून परदेशी गेली, आणि गरुड घरटं बांधतो तो नेमका याच झाडांच्या उंच दुबेळक्यांत. लाकूड कंपन्यांनी रस्ते पाडले, त्या रस्त्यांनी भूमिहीन माणसं आत गेली, त्यांनी उरलेलं जंगल जाळून शेती सुरू केली. तिला तिथे ‘काइंगिन’ म्हणतात. आपल्याकडच्या कुमरी किंवा दळीशी तिचं नातं आहे. पुढे खाणी आल्या, केळी-अननसाचे मळे आले. २०११ मध्ये नैसर्गिक जंगलातल्या वृक्षतोडीवर देशभर बंदी आली, तरी चोरटी तोड थांबलेली नाही.

गरुडाला राहण्याजोग्या जंगलापैकी जेमतेम एक तृतीयांश संरक्षित क्षेत्रांत येतं. बाकीचं बरंचसं आदिवासींच्या पूर्वापार जमिनींवर आहे.

गरुडाला मारतं कोण, आणि का?

बहुतेकदा जंगलाच्या कडेला राहणारा गरीब शेतकरी किंवा शिकारी. मोठी टोळी, तस्करी वगैरे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. घरगुती बनावटीची किंवा छर्ऱ्याची बंदूक जंगलकाठच्या वस्त्यांत असते. रानडुक्कर, माकड किंवा पक्षी जो दिसेल तो घरच्या जेवणासाठी मारला जातो. कधी कोंबडी नेल्याचा राग असतो. कधी एवढा मोठा पक्षी पाहून केवळ कुतूहलाने नेम धरला जातो. रानडुकरांसाठी लावलेल्या फाशांतही गरुड अडकतात, कारण शिकारीच्या मागे ते जमिनीवर उतरतात.

२००८ मधला काग्साबुआ नावाच्या गरुडाचा प्रसंग सगळ्यांना माहीत असायला हवा. माणसांच्या तावडीतून सुटून, उपचार आणि सराव होऊन, त्या वर्षी मार्चमध्ये त्याला मिंडानाओतल्या किटांगलाद पर्वतावर सोडलं. जुलैमध्ये एका शेतकऱ्याने तो मारला आणि शिजवून खाल्ला. पुढे न्यायालयाने त्या माणसाला एक लाख पेसो दंड केला.

त्या माणसाबद्दल संताप येणं स्वाभाविक आहे. पण मारेकऱ्याला राक्षस ठरवून हा प्रश्न सुटत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या ताटात मांस क्वचितच पडतं, ज्याच्या गावात वनखात्याचा माणूस कधी फिरकत नाही, त्याला आपल्या डोंगरावरचा पक्षी देशाचा मानबिंदू आहे हे सांगायला कोणी गेलं होतं का? गरुडाचं भवितव्य ज्यांच्या हातात आहे ती माणसं हीच आहेत. त्यांना बाजूला ठेवून आखलेली कोणतीही योजना कागदावरच राहील.

कायदा काय म्हणतो?

२००१ च्या वन्यजीव संवर्धन कायद्यानुसार (प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९१४७) अतिसंकटग्रस्त प्राणी मारल्यास सहा ते बारा वर्षं तुरुंगवास आणि एक लाख ते दहा लाख पेसो दंड होऊ शकतो. कायदा कडक आहे. अडचण अंमलबजावणीची आहे: घनदाट जंगलात गोळी झाडली गेली तर साक्षीदार नसतो, आणि मेलेला गरुड सापडेपर्यंत बहुधा फक्त हाडं-पिसं उरलेली असतात. पाठीवर ट्रान्समीटर असलेला गरुड मेला तर निदान कळतं तरी. बाकीच्यांचा पत्ताच लागत नाही.

पिंजऱ्यात पैदास करून भरपूर गरुड सोडले तर?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. उत्तर थोडं लांब आहे.

पैदास होते, हे सिद्ध झालं आहे. मिंडानाओतल्या दावाओ शहराजवळ, मलागोस इथल्या गरुडांच्या पैदास केंद्रात १५ जानेवारी १९९२ रोजी कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. त्याचं नाव ठेवलं ‘पाग-आसा’, म्हणजे आशा. सगळ्या देशाने तो जन्म साजरा केला, कारण तोवर या पक्ष्याची पैदास माणसाच्या देखरेखीखाली होऊ शकते यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. पाग-आसा जवळपास २९ वर्षं जगला आणि जानेवारी २०२१ मध्ये संसर्गाने गेला. तीन दशकांत या केंद्रात जन्मलेल्या पिल्लांची संख्या तीसच्या आसपास आहे.

तीस वर्षांत तीस पिल्लं हे ऐकून निराशा वाटते, पण कारणं समजून घ्या. हे पक्षी जोडीदार सहज स्वीकारत नाहीत. न पटलेला नर-मादीचा जोड एकत्र ठेवला तर एक दुसऱ्याला मारूही शकतो, म्हणून आधी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत महिनोन् महिने ठेवून अंदाज घ्यावा लागतो. माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू माणसालाच आपलं मानू लागतं. पाग-आसाचंही तेच झालं. त्याने मादी गरुडाला कधी जोडीदार मानलं नाही. वर्षानुवर्षं त्याचा सांभाळ करणारा माणूसच त्याच्या लेखी जोडीदार होता. तो माणूस रोज त्याच्याजवळ बसे, घरट्यासाठी काड्या देई, आणि वीर्य मिळवण्याचं काम त्या विश्वासावर होई. अशा चिकाटीतून २०१३ मध्ये पाग-आसाचं पिल्लू ‘माबुहाय’ जन्मलं. या लोकांच्या चिकाटीला माझा मनापासून नमस्कार आहे.

आणखी एक धोका रोगाचा. सगळे पक्षी एकाच केंद्रात असतील तर बर्ड फ्लूची एक साथ सगळं संपवू शकते. याच भीतीपोटी २०१९ मध्ये एक जोडी सिंगापूरला पाठवली गेली, आणि पुढे दावाओतच, पण मलागोसपासून दूर आणि जास्त उंचीवर, पैदाशीसाठी नवी जागा तयार केली गेली.

सोडलेल्या गरुडांचं काय झालं?

केंद्रात जन्मून जंगलात सोडलेला पहिला गरुड काबायान. एप्रिल २००४ मध्ये त्याला आपो पर्वतावर सोडलं. पुढच्या जानेवारीत तो विजेच्या खांबावर बसला आणि धक्का लागून मेला.

पामानाची कहाणी त्याहून जिव्हारी लागते. २०१२ मध्ये ही मादी बंदुकीच्या जखमांसह इलिगानजवळच्या डोंगरात सापडली. तीन वर्षं तिच्यावर उपचार केले, तिला शिकारीचा सराव दिला. १२ जून २०१५ रोजी, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, तिला हामिगितान पर्वतावर मुक्त केलं. हा पर्वत जागतिक वारसा स्थळ आहे, म्हणजे कागदोपत्री याहून सुरक्षित जागा शोधूनही मिळाली नसती. दोन महिन्यांनी ती तिथल्याच जंगलात मृत सापडली. पुन्हा गोळी.

म्हणून वरच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: पिंजऱ्यातली पैदास हा विमा आहे आणि तो उतरवायलाच हवा, पण बाहेरचं जंगल सुरक्षित नसेल तर कष्टाने वाढवलेला प्रत्येक गरुड आपण बंदुकीच्या टप्प्यात नेऊन सोडतो. पैसा आणि मनुष्यबळ मर्यादित असेल तर आधी ते रानातल्या जिवंत जोड्या राखण्यावर खर्च व्हावं. तिथल्या जाणकारांचा कलही गेल्या काही वर्षांत त्याच दिशेने आहे.

लेते बेटावरचा प्रयोग काय आहे?

२०१३ च्या हैयान चक्रीवादळाने लेते आणि समार बेटांवरची जंगलं झोडपून काढली. त्यानंतर लेतेवर गरुड दिसेनासा झाला. दरम्यान तिथलं जंगल सावरलं, म्हणून मिंडानाओतून वाचवलेले गरुड लेतेवर वसवायचं ठरलं. सगळे गरुड एकाच बेटावर असण्यापेक्षा ते विखुरलेले बरे, हा त्यामागचा विचार. जून २०२४ मध्ये कार्लितो ही मादी आणि उस्वाग हा नर तिथे सोडले. उस्वाग काही आठवड्यांतच बेटापासून दूर उडाला आणि समुद्रात बुडून मेला. धक्का मोठा होता. तरीही हा प्रयोग सोडून देऊ नये असं मला वाटतं. नवख्या बेटावर गरुड कसा वागतो हे शिकण्याचा दुसरा मार्ग नाही.

राष्ट्रीय पक्षी घोषित केल्याने काही फरक पडला का?

४ जुलै १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांच्या घोषणेने गरुड राष्ट्रीय पक्षी झाला. त्याआधी तो मान ‘माया’ या छोट्या मुनियाचा होता. दरवर्षी ४ ते १० जून हा गरुड सप्ताह असतो. २०२२ मध्ये आलेल्या हजार पेसोच्या नव्या पॉलिमर नोटेवर त्याचं चित्र छापलं गेलं. दुसऱ्या महायुद्धातल्या तीन हुतात्म्यांचे चेहरे काढून गरुड आणल्यामुळे देशात बराच वादही झाला.

फरक पडला तो शहरांत, शाळांत आणि देणग्यांमध्ये. डोंगरावर तो पोचायला वेळ लागतो आहे.

मग त्याला वाचवण्याचं काम प्रत्यक्षात कोण करतं?

धोक्याची पहिली हाक फिलिपिनो पक्षिशास्त्रज्ञ दिओस्कोरो राबोर यांनी १९६५ च्या सुमारास दिली. अटलांटिक एकट्याने ओलांडणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग १९६९ मध्ये यात उतरला आणि त्याच्या नावामुळे जगाचं लक्ष इकडे वळलं. १९८७ पासून दावाओतली फिलिपाइन ईगल फाउंडेशन ही संस्था हे काम सांभाळते: संशोधन, जखमी गरुडांची सुटका, पैदास, गावांतलं काम.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आदिवासी वनरक्षकांचं काम. ‘बांताय बुकिद’ या नावाने ओळखली जाणारी ही पथकं दावाओच्या डोंगरांत आपल्याच पूर्वजांच्या जमिनीवर गस्त घालतात, फासे काढून टाकतात, चोरट्या तोडीची खबर देतात. यात बायकाही आहेत. त्यांना मानधन मिळतं. घरटं शोधून दाखवणाऱ्याला बक्षीस मिळतं, आणि त्या घरट्यातलं पिल्लू सुखरूप उडालं तर गावालाही लाभ होतो. त्यामुळे घरट्यावर गावाचाच डोळा राहतो. ज्या डोंगरावर हे नीट चाललं आहे, तिथे एकाच जोडीने वर्षानुवर्षं पिल्लं वाढवल्याची उदाहरणं आहेत. मात्र मानधन देणग्यांवर अवलंबून असतं आणि देणग्या आटल्या की गस्त विरळ होते. सरकारने या पथकांचा खर्च कायमचा अंगावर घ्यावा, ही मागणी मला अगदी रास्त वाटते.

आपल्याकडच्या पक्ष्यांशी याचं काही नातं आहे का?

आहे, आणि ते रक्ताचं आहे. दक्षिण अमेरिकेतल्या हार्पी गरुडाशी दिसण्यातलं साम्य पाहून बराच काळ त्यांना भाऊबंद मानलं जात होतं. जनुकीय तपासणीत वेगळंच निघालं: फिलिपिन्सचा गरुड सर्पगरुडांच्या कुळातला आहे. सह्याद्रीत, कोकणात, गोव्यात उन्हं चढल्यावर शीळ घालत घिरट्या घेणारा आपला तुरेवाला सर्पगरुड त्याच कुळातला.

गिधाडांच्या निमित्ताने आपणही हीच गोष्ट पाहिली आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशभरातली गिधाडं काही वर्षांत संपत आली. २००६ मध्ये ते औषध पशुवैद्यकीय वापरासाठी बंद झालं, पण संख्या अजून वर आलेली नाही. गिधाडही वर्षाला एकच अंडं घालतं. संथ विणीचा पक्षी घसरायला लागला की त्याला सावरायला एक पिढी पुरत नाही.

हा गरुड पाहायला जाता येतं का?

दावाओच्या मलागोस भागातलं केंद्र पाहुण्यांसाठी खुलं असतं आणि तिकिटाचे पैसे याच कामात जातात. दावाओमध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी भारतातून बरीच मुलं जातात. तुमच्या नात्यातलं कोणी तिथे असेल तर एक सुट्टी केंद्रात घालवायला जरूर सांगा. जाण्याआधी वेळा आणि नियम केंद्राकडून विचारून घ्या, साथीच्या भीतीने ते बदलतात.

रानातल्या घरट्यावर मात्र स्वतःच्या हिमतीवर जाऊ नका. फोटोसाठी झाडाजवळ गर्दी झाली तर जोडी अंडं सोडून जाऊ शकते, आणि तो हंगाम वाया गेला. घरट्याचा फोटो टाकलाच तर ठिकाण लिहू नका. फोनमधल्या फोटोत जागेची नोंद आपोआप राहते, तीही काढून टाका.

इथून मदत करायची असेल तर?

फिलिपाइन ईगल फाउंडेशनची गरुड दत्तक योजना आहे. व्यक्ती, शाळा, कंपन्या पिंजऱ्यातल्या एखाद्या गरुडाच्या देखभालीचा खर्च उचलू शकतात. पण देणगी देताना विचारता आलं तर ती वनरक्षकांच्या मानधनासाठी द्यावी असं मी सुचवेन. पिंजऱ्यातल्या गरुडाला देणगीदार लवकर मिळतो, त्याला नाव असतं, चेहरा असतो. पावसात डोंगर चढून फासे गोळा करणाऱ्या माणसाला तो तितक्या सहज मिळत नाही.